बावन्न बोर्ड, एकच नंबर

१९ नोव्हेंबर

पुन्हा तेच. आधी वाच, मग लिही. आधी वाच, मग लिही. कान किटले. चौदा महिने झाले मला या टेबलाशी, त्यातले अकरा नुसते कॉम्प्युटरचे जुने बोर्ड धुण्यात गेले, आणि म्हातारा उस्ताद अजून मला शाळेतल्यासारखे पाढे म्हणायला लावतो. हाकसुद्धा नावाने मारत नाही. ‘ए पाचवी.’ पाचवीपर्यंत शिकलोय हे मी कशाला सांगितलं कुणास ठाऊक.

आज एका जुन्या बोर्डाच्या चिपमध्ये नवा बायोस, म्हणजे मशीन उठवणारा प्रोग्राम, घालायचा होता. चिपला तारेचा चिमटा लावला, फाइल टाकली, चार मिनिटांत काम. पंखा फिरला, पडदा काळा. परत लावला, काळाच. बोर्ड मेला.

उस्तादांनी माझी खुर्ची पायाने बाजूला सारली. बोर्डाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बोट थरथरतच असतं त्यांचं. “काय लिहिलंय?” दोन पॉइंट एक. “आणि तू कुठला घातलास?” एक पॉइंट शून्यचा. बोर्ड तोच, नाव तेच, रंग तोच, पण कोपऱ्यातला आकडा वेगळा. मी बघितलाच नव्हता.

मग त्यांनी स्वतःची पेनड्राइव्हची स्टिक काढली. त्यात या बोर्डाचा जुना बायोस होता. माझ्या हातात द्यायच्या आधीच वाचून ठेवला होता त्यांनी! तोच परत घातला आणि बोर्ड उठून बसला. एवढ्यावर सोडायचं ना. नाही. ब्रशच्या दांड्याने बोटांवर दोन, आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं— “तुझ्या आईनेपण आधी वाचलं नसणार. एकदम तुलाच लिहून काढलं.”

शेजारच्या गाळ्यातला लुओ तोंडात भात असताना हसला. शितं उडाली काउंटरवर.

२० नोव्हेंबर

बोटं सुजली. एकशे दहा बोर्ड धुतले.

२३ नोव्हेंबर

मालकिणीने आज दोघांना समोर उभं करून सांगितलं. नव्या वर्षाच्या सणानंतर अर्धा गाळा सोडणार. भाडं परवडत नाही. दोन खुर्च्यांची एक होणार. “कोण राहील ते काम बघून ठरवीन,” म्हणाल्या आणि सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या.

 उस्तादांची विम्याची चार वर्षं राहिली आहेत. मालकिणीने आणखी चार वर्षं हप्ते भरले तर साठीला पेन्शन, नाहीतर नाही. ते छप्पन्नचे. त्या थरथरत्या हातांना या अख्ख्या ह्वाछ्यांगबेईच्या बाजारात दुसरं कोण ठेवणार?

पण मला कोण ठेवणार? मी परत कारखान्यात जाणार नाही. फोनच्या पाठीला स्क्रू. एका दिवसात चार हजार स्क्रू, बारा तास उभं राहून. झोपेतसुद्धा मनगट फिरायचं. आणि गावी ग्वेइचौला गेलो तर मका आणि आईचे उसासे. इथे निदान बसायला खुर्ची आहे.

ही वहीपण उस्तादांनीच दिलेली. कुठल्या बोर्डाला काय केलं ते लिहून ठेवायला. पुढून बोर्ड लिहितो, मागून हे.

२७ नोव्हेंबर

आज उस्ताद पाणी भरायला गेले तेव्हा मी त्यांची नक्कल केली. चिमटा हातात धरून चिपवर नेला, थरथर, थरथर, बाजूला पडला. लुओ हसून हसून खोकला. चहावालीपण हसली. मग त्यांचा चष्मा धुण्याच्या टबामागे ठेवला. वीस मिनिटं शोधत होते. मीही शोधायला मदत केली.

मागे वळलो तर मालकीण बघत होत्या. रागावल्या नाहीत.

२ डिसेंबर

मोठं काम आलं. क्वांगशीच्या डोंगरातल्या एका शाळेचे नव्वद बोर्ड. नूडल्सच्या खोक्यांत भरून आलेत, धूळ आणि झुरळांची अंडी. जुने आहेत पण मजबूत. नवा बायोस घातला की पुढच्या पिढीचा प्रोसेसर चालतो, म्हणजे नवीन मशीन घ्यायला नको. तिथले छिन म्हणून गुरुजी आहेत, त्यांनी गुपचूप पाठवलेत. बाहेर पाठवायची परवानगी नाही, पण परवानगी मागितली तर तीन वर्षं लागतात म्हणाले. पाच दिवसांत परत हवेत.

मी धुतले सगळे. धुताना बोर्डांवरची स्टिकरं निघाली, नेहमीसारखी. उस्ताद बघून म्हणाले, “नंबर होते त्यांच्यावर.” मी म्हटलं, तुम्हीच सांगता ना चिपमध्ये असतात म्हणून. “असतात. तू पुसत नाहीस तोवर.”

४ डिसेंबर

शर्यत लागली आहे. कुणी तसं म्हटलं नाही, पण लागली आहे.

उस्तादांना एका बोर्डाला अकरा मिनिटं लागतात. आधी कोपऱ्यावरचा आकडा. मग चिप वाचायची. परत वाचायची. दोन्ही वाचनं सारखी आहेत का बघायचं. जपून ठेवायचं. त्या बोर्डाचा स्वतःचा नंबर काढून नव्या फाइलीत भरायचा. मग लिहायचं. लिहिलेलं परत वाचायचं. मग बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी काढून लावायची, सगळं विसरून त्याने नव्याने उठावं म्हणून. मला चार मिनिटं. एक बोर्ड नीट केला, त्याचीच फाइल बाकी सगळ्यांत ओतली. कोपरे बघितले मी, हां. सगळे एक पॉइंट शून्य. तेवढं शिकलोय. सगळे उठले. पडदा येतो, पंखा फिरतो, अजून काय पाहिजे?

“वाचलंस?” त्यांनी विचारलं. वाचलं म्हटलं.

६ डिसेंबर

संपले. माझे बावन्न, त्यांचे अडतीस. मालकिणीने माझ्यासाठी भाताबरोबर बदकाची तंगडी मागवली. फक्त माझ्यासाठी. उस्तादांसमोर खाल्ली. हाडंसुद्धा चोखली.

१५ डिसेंबर

छिन गुरुजींचा फोन. मालकिणीने सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. “एक मशीन नेटवर येतं की बाकीची पडतात. दुसरं येतं, पहिलं पडतं. भुतं शिरलीत का यांच्यात?”

मला सुरुवातीला कळेना. मग उस्तादांच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं. 

प्रत्येक बोर्डाचा नेटवरचा स्वतःचा एक नंबर असतो. बारा खुणांचा, जगात दुसऱ्या कुणाचा नाही. तो चिपमध्येच असतो. मी एकाची चिप बावन्न जणांत ओतली. म्हणजे आता त्या खोलीत एकाच नावाची बावन्न माणसं आहेत आणि हाक मारली की सगळी ओ देतात.

गुरुजी बोलतच होते. बारा जानेवारीला तालुक्याची परीक्षा त्याच मशीनवर आहे. परीक्षेच्या कचेरीत यादी आहे, यादीतलाच नंबर असेल तर मशीन आत घेतात. मनाने केलेले नंबर चालणार नाहीत. यादी मागायला गेलं तर विचारतील, मशीन उघडली कुणी? मग गुरुजींची नोकरी गेली.

“उद्यापर्यंत सांगते,” मालकीण म्हणाल्या. फोन ठेवला. आमच्या दोघांकडे बघितलं.

१६ डिसेंबर

लिहितो. इथे तरी लिहितो.

मालकिणीने विचारलं, “ती एकच फाइल कुणाची?”

मी म्हटलं, “उस्तादांनी दिली. सगळ्यांना चालेल म्हणाले.”

तोंडातून निघून गेलं असं म्हणणार नाही. रात्रभर घोकलं होतं.

उस्ताद माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील, ब्रश उचलतील. मी हात मागे घेतलासुद्धा. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला. “पाठांतर छान आहे पाचवीचं,” म्हणाले. बास.

नाही म्हणूनही उपयोग नव्हता. मला शिष्य केलं तेव्हा मी गुडघ्यावर बसून त्यांना चहा दिला होता, त्यांनी तो पूर्ण प्यायला होता, लुओ साक्षीला होता. ज्याने तो चहा प्यायला त्याने शिष्याची चूक पदरात घ्यायची, इथे असंच चालतं. खोटं बोललो नसतो तरी अर्धी चूक त्यांचीच झाली असती. मी फक्त उरलेली अर्धी दिली.

मालकिणीने उस्तादांचा महिन्याचा पगार कापला आणि त्यांना जा म्हणाल्या. अठरा वर्षांचं सामान एका प्लास्टिकच्या पिशवीत बसलं. जाताना लुओने स्वतःच्या फोनमध्ये मान घातली.

१७ डिसेंबर

खुर्ची माझी. फार खाली होती, वर घ्यावी लागली.

२४ डिसेंबर

छिन गुरुजी रोज फोन करतात. मालकीण उचलत नाहीत, मला देतात. “तुझ्या उस्तादाचं निस्तर.” काय निस्तरू? जे पुसलं ते पुसलं. आज गुरुजी रडले. मोठा माणूस फोनवर रडतो तेव्हा काय बोलायचं असतं? मी म्हटलं, गुरुजी, बघतो. “बघतो म्हणू नकोस रे बाबा, माझ्या एकशे चाळीस पोरांची परीक्षा आहे.”

गुरुजींची नोकरी गेली तर ते आधी सगळ्यांना सांगतील की बोर्ड कुणी खराब केले. मग माल परत. मग मालकीण मला ठेवतील?

२६ डिसेंबर

सुचलं! धुतलेले बोर्ड रॅकवर वाळत होते तेव्हा उस्ताद एक तास आधी यायचे. मला वाटायचं म्हाताऱ्याला झोप येत नाही. त्यांचा माझ्यावर कधीच भरवसा नव्हता. मी हात लावायच्या आधी त्यांनी माझे बावन्नच्या बावन्न वाचून स्टिकमध्ये ठेवले असणार.

म्हणजे त्या दिवशी ते स्टिक टेबलावर आपटून दाखवू शकत होते. दाखवली नाही. का?

२९ डिसेंबर

गेलो. उस्ताद आता लोंगह्वाला पार्सलच्या गोदामात आहेत. पट्ट्यावरून येणारी खोकी उचलून गावाप्रमाणे टाकायची. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पायरीवर बसले होते. मला बघून सरकले नाहीत.

“आलास? मला वाटलं अजून आठवडाभर लागेल. पाचवी ना.”

मी विचारलं, आहेत का. “आहेत.” मग त्या दिवशी दाखवले का नाहीत?

“कुणाला दाखवू? त्या बाईला? तिला मला घालवायचं होतं, निमित्त तू दिलंस. दाखवले असते तर पुढच्या महिन्यात दुसरं निमित्त काढलं असतं.” भात चावत राहिले. “आणि ते नंबर देऊन तुला वाचवून माझं काय होणार होतं? तू चोर आहेस हे तुला कळलं पाहिजे होतं. कळलं?”

कळलं म्हटलं.

“मोठ्याने.”

गोदामाची माणसं बघत होती. मी मोठ्याने म्हटलं.

मग त्यांनी दोन अटी घातल्या. एक, मी स्वतःच्या खर्चाने शाळेत जाऊन बावन्नही बोर्ड हाताने नीट करायचे. दुसरी, त्यांचा कापलेला पगार मालकिणीकडून काढून द्यायचा. शब्द दिला. उद्या सुट्टी आहे, वही घेऊन ये म्हणाले.

“वही कशाला? स्टिक द्या ना.”

“स्टिक माझी. हात तुझा.”

३० डिसेंबर

बावन्न नंबर. प्रत्येकात बारा खुणा, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली. ते पलंगावर बसून वाचत होते, मी जमिनीवर बसून लिहीत होतो. प्रत्येक नंबर लिहून झाला की मी वाचून दाखवायचा. मग परत एकदा. एक खूण चुकली की तोच नंबर पहिल्यापासून. बी आणि डी मध्ये मी सारखा चुकतो. “बी, गाढवा. बायको मिळणार नाही तुला, बी तरी लिही.” सकाळी नऊला बसलो, दोन वाजले. पाणीसुद्धा विचारलं नाही. स्वतः चहा पीत होते.

चाळिसाव्या नंबरच्या पुढे माझी बोटं आखडली. पेन धरवेना. हात थरथरायला लागला, अक्षरं वाकडी यायला लागली. उस्ताद थांबले. वाकून माझ्या हाताकडे नीट बघितलं.

“बघ, जमायला लागलं तुला. लुओला दाखव जाऊन.”

म्हणजे बघितलं होतं त्यांनी. पाणी भरायला गेले नव्हतेच.

शेवटचा नंबर झाल्यावर म्हणाले, “बोर्डांशी माझं भांडण नाही. एकही नंबर खोटा दिलेला नाही. माणसांशी मी बोलतो खोटं, बोर्डांशी नाही.” मग दार लावून घेतलं.

६ जानेवारी

शाळेत आलोय. रेल्वे, मग बस, मग गुरुजींच्या मोटरसायकलवर मागे बसून. थंडी हाडात शिरते. गुरुजी माझ्याहून फार मोठे नाहीत. मला तेही उस्तादच म्हणतात! नको म्हटलं तरी म्हणतात. काल आणि आज मिळून एकतीस झाले. मशीन उघड, चिमटा लाव, वाच, परत वाच, नंबर घाल, लिही, वाच. एकाला बारा मिनिटं लागतात मला. कुठला नंबर मुळात कुठल्या बोर्डाचा होता ते वहीत नाही, पण यादीत सगळे आहेत, चालतं. दुपारी दोनदा वीज गेली. गुरुजी स्वतः बॅटरीच्या पेटीजवळ उभे राहिले, लिहिताना गेली तर पेटी बंद पडू नये म्हणून. परत परत तिच्यावर हात ठेवत होते, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

मी माझे चुकीचे भरलेले बायोससुद्धा आधी वाचून ठेवतोय. ते कशाला हवेत? काही कारण नाही. हात ऐकत नाही.

७ जानेवारी

बावन्न. एकदम नव्वद मशीन लावली. सगळी नेटवर आली, एकही पडलं नाही. गुरुजींनी माझ्या खिशात सहा उकडलेली अंडी कोंबली.

१२ जानेवारी

गुरुजींचा निरोप. परीक्षा झाली. एकही मशीन बंद पडलं नाही.

उस्तादांना कळवलं. उत्तर आलं— “पगार?”

१८ जानेवारी

आज धीर केला. गाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, “मालकीणबाई, ती फाइल माझी होती. उस्तादांनी दिली नव्हती.”

त्यांनी वर बघितलं नाही. बिया सोलत होत्या. “मग?”

“मग म्हणजे... त्यांचा पगार कापलात तुम्ही.”

“चौदा महिने तो तुझ्या कानाशी ओरडत होता, आधी वाच, आधी वाच. अख्ख्या मजल्याला पाठ झालं. मला काय कान नाहीत? तो माणूस तुला असली फाइल देईल?”

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली.

“हात थरथरतात त्याचे. गिऱ्हाईक बघतं. अजून चार वर्षं विमा कोण भरणार होतं, तू? मी तुला खोटं बोल म्हणाले नव्हते. तू बोललास. माझं बोलायचं वाचलं.”

मग त्यांनी फोन उचलला आणि माझ्या खात्यात चार हजार सहाशे युआन टाकले. म्हाताऱ्याचा कापलेला पगार, अख्खा. “सणाला घरी जातात ती पोरं अर्धी परत येत नाहीत. तू यायचंस. हे त्यासाठी समज. वाटलं तर म्हाताऱ्याला दे, वाटलं तर ठेव. मला परत त्याचं नाव ऐकवू नकोस.”

मला वाटलं होतं काढून टाकतील. त्यासाठी तयारी केली होती. कपडे धुऊन, पिशवी भरून आलो होतो.

१९ जानेवारी

उस्तादांना पाठवायचेत. आज गर्दी होती.

२३ जानेवारी

बाजाराच्या मागे एक मोटरसायकल बघून आलो. जुनी आहे, लाल, पण इंजिन गोड वाजतं. नुसती बघायला गेलो होतो. लुओचे गाववाले मोटरसायकलवरच जातात सणाला, चाळीस चाळीस जणांची रांग. रेल्वेचं तिकीट नाहीतरी मिळत नाहीच.

२७ जानेवारी

उस्तादांचा फोन. “विचारलंस का तिला?”

“विचारलं. बघते म्हणाल्या.”

 मागे गोदामाचा पट्टा ऐकू येत होता. “बरं. सणाच्या आधी झालं तर बघ. घरभाडं थकलंय.” पाचवी म्हणाले नाहीत. नावाने बोलले. आ-शुन म्हणाले.

४ फेब्रुवारी

घरी पोचलो, दोन दिवस त्या लाल मोटरसायकलवर. आई सारखी गाडीवरून हात फिरवते. सणाचं जेवण झालं. उस्तादांना पैसे पाठवतोय. सणाला पैसे द्यायच्या फोनवरच्या लाल पाकिटात एका वेळी दोनशेच्या वर टाकता येत नाहीत.

एकच पाकीट. दोनशे.